थायलंडचा वर्ग

"डोक्याला हात लावायचा नाय म्हंजे? मंग बारक्या पोरांना आशीर्वाद कसा द्याचा?" सुभद्राबाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

कृष्णाकाकाही हसले. अठरा वर्षं ते हा वर्ग घेत होते आणि अठरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही असं एकदाही झालं नव्हतं. आग्नेलचं टूरचं ऑफिस वसईत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. ग्रुप निघायच्या आधीच्या शनिवारी दुपारी चार वाजता बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या जायच्या, खालून पावाचा वास यायचा आणि काका उभे राहून थायलंड समजावून सांगायचे. आज जूचंद्रच्या महिला मंडळाच्या एकोणीस बायका होत्या, एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि मागच्या रांगेत एकटीच बसलेली एक मुलगी होती.

"द्यायचाच नाही," काका म्हणाले. "पोर कितीही गोड असू दे, डोक्याला हात नाही. थाई लोकांत डोकं म्हणजे देव्हारा आणि पाय म्हणजे सगळ्यात हलकी जागा. देवळात मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. पायानं दार लोटायचं नाही, पायानं बॅग सरकवायची नाही."

"आमची सून तर लादी पन पायानंच पुसते," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग तिला इथंच ठेवून जा."

बायका पुन्हा हसल्या. काकांचा वर्ग म्हणजे करमणूक असते हे आधी जाऊन आलेल्यांनी सांगून ठेवलेलंच असायचं. काका पुढे सरकले. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. भिक्खू दिसला तर बाईनं त्याला धक्का लागू द्यायचा नाही, त्याच्या हातात काही द्यायचंही नाही, समोर ठेवायचं, तो उचलून घेतो. नोट वाऱ्यानं उडाली तर तिच्यावर पाय देऊन अडवायची नाही, तिच्यावर राजाचं चित्र असतं. राजाबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही, मराठीतसुद्धा नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं की जिथं असाल तिथं उभं राहायचं. शाकाहारी असाल तर नुसतं 'जे' म्हणायचं, पिवळी पाटी लावलेली दुकानं असतात, तिथं अंडंसुद्धा नसतं.

"आनि मासं?" एक बाई घाईनं म्हणाली.

"मासे चिक्कार. पाहिजे तेवढे खा."

बाईचा जीव भांड्यात पडला. काकांनी पाण्याचा घोट घेतला. आता शेवटचं सांगायचं होतं.

"आणि एक लक्षात ठेवा. तिथं आवाज चढवायचा नाही. बॅग हरवू दे, टॅक्सीवाला फसवू दे, काहीही होऊ दे. जो ओरडला त्याची तिथं किंमत गेली. हसायचं आणि हळू बोलायचं. हसून बोललं की तिथं सगळी कामं होतात."

हे सगळं सांगणाऱ्या माणसानं थायलंड पाहिलेलं नव्हतं. कृष्णाकाका विमानातच कधी बसले नव्हते. आग्नेलनं तीनदा फुकट तिकीट देऊ केलं होतं. पहिल्यांदा आई आजारी होती, दुसऱ्यांदा मयूरची बारावी, तिसऱ्यांदा वाडीतली केळी काढायला आली होती. पासपोर्ट कोरा राहून जुना झाला. पण बँकॉकच्या विमानतळावर कुठे वळलं की इमिग्रेशनची रांग लागते हे त्यांना गिरीजच्या आपल्या वाडीतल्या पायवाटेइतकं पाठ होतं. गिऱ्हाइकं परत येऊन म्हणायची, काका, तुम्ही सांगितलंत तस्संच आहे हो सगळं. काकांना त्याचा अभिमान वाटायचा. तो अभिमानच नडला.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या मयूरला बँकॉकमध्ये नोकरी लागली. सव्वीस वर्षांचा एकुलता एक पोरगा, कॉलेज होऊन चार वर्षं झालेली, हाती धड काही नाही. वाडीत राबायचं त्याच्या जिवावर यायचं. नोकरी कसल्याशा कंपनीत, फोनवरून गिऱ्हाइकांशी बोलायची होती. कंपनीनं सांगितलं, कामाचा व्हिसा इथं आल्यावर करू, आधी पर्यटक म्हणून आत या. काकांना इथंच वास यायला हवा होता. दुसऱ्या कुणाच्या पोरानं हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याला खुर्चीवरून उठू दिलं नसतं. पण स्वतःच्या पोराच्या वेळी त्यांना वाटलं, पार करून देण्याची विद्या तर आपल्याच हातात आहे. त्यांनी स्वतः हॉटेलचं बुकिंग केलं, परतीचं तिकीट काढलं, फॉर्मवर येण्याचं कारण म्हणून 'पर्यटन' लिहिलं. आणि मयूरला समोर बसवून तीन दिवस त्याच्याकडून उत्तरं घोटून घेतली. एकट्या जवान माणसाला इमिग्रेशनवाले हटकतात, एकटाच का आलास विचारतात. त्यासाठी काकांनी एक उत्तर रचलं. माझ्या आजीला बुद्धाची देवळं बघायची होती, ती आता नाही, तिच्यासाठी मी बघायला आलोय. मयूरच्या आजीनं आयुष्यात वसईच्या बाजारापलीकडे काही बघायची इच्छा धरली नव्हती. मयूर हसून हसून लोळला होता. पण उत्तर चाललं. शिक्का बसला.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीनं त्याला आठ तास कुठेतरी नेलं. मग नदी ओलांडून सरहद्दीपलीकडे नेलं. मग एकदाच फोन आला, चाळीस सेकंदांचा. त्यातच हे कळलं. "बाबा, हे बँकॉक नाहीये," म्हणाला आणि फोन तुटला. त्यालाही आता वर्ष झालं होतं.

पोलिसांपासून परराष्ट्र खात्यापर्यंत काका ज्याच्या दारात जात तो माणूस कागद बघायचा. कागदावर हॉटेल होतं, परतीचं तिकीट होतं, पर्यटन होतं. नोकरीचा कुठे उल्लेख नव्हता. तुमचा मुलगा फिरायला गेला आणि तिथंच राहिला, सज्ञान आहे, असं कुणी सांगितलं की काकांना काही बोलता यायचं नाही, कारण इतके चोख कागद त्यांनी स्वतःच केलेले होते. आग्नेल मालक असला तरी शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मेल लिहिले, दिल्लीला जाऊन आला, चर्चमध्ये मयूरच्या नावानं मिस्सा सांगितली. फक्त एकदा संकोचून म्हणाला, "कृष्णा, वर्गात तेवढं मयूरचं नको काढूस. लोक घाबरतील, ग्रुप तुटेल." काकांनी मान हलवली. त्यात चूक तरी काय होतं? मंडळाच्या बायकांना कोण पळवून नेणार होतं? ते हसून, हळू आवाजात वर्ग घेत राहिले.

वर्ग संपला की काका एकेकाला आतल्या खोलीत टेबलाशी बोलवायचे. ही त्यांची स्वतःची पद्धत. स्वतः इमिग्रेशनचा साहेब व्हायचं, कपाळाला आठ्या घालायच्या आणि प्रश्न विचारायचे. माणूस इथं अडखळला की तिथं अडखळत नाही, आणि कुणाच्या मनात काही वेगळं असेल तर इथं कळतं, असं ते म्हणायचे.

सुभद्राबाई पहिल्या आल्या.

"कशासाठी आलात?"

"फिराला."

"किती दिवस?"

"सा दिवस, पाच राती."

"कुठे राहणार?"

"ते तुलाच ठाव, भाऊ. तूच ठरिवलंय ना."

काकांनी हॉटेलचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिलं आणि तो कागद पाकिटात नाही, ब्लाउजमध्ये ठेवा म्हणून सांगितलं. मग बाकीच्या बायका, मग ते जोडपं. जोडप्यानं सगळी उत्तरं एकमेकांकडे बघून दिली. सर्वांत शेवटी ती एकटी मुलगी आली. अक्षया, चोवीस वर्षांची, नायगावला बिल्डिंगमध्ये राहणारी. ती खुर्चीत ताठ बसली. पाठांतर करून आलेली पोरं बसतात तशी.

"कशासाठी आलीस?"

"टुरिझम."

"किती दिवस?"

"सहा. हॉटेलचं बुकिंग आहे, रिटर्न तिकीट आहे."

"ग्रुपमध्ये सगळ्या म्हाताऱ्या बायका. तू एकटी कशी?"

"ॲक्चुअली माझी आजी गेली. तिला बुद्धाची टेंपल्स बघायची होती. ती नाहीये आता, म्हणून तिच्यासाठी मी बघायला आलेय."

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. बाहेर बायका चहा पीत होत्या, कुणीतरी बिस्किटाचा पुडा मोठ्यानं फोडत होतं.

"आजी कुठली तुझी?" त्यांनी विचारलं.

"दापोलीची."

"आणि तिला थायलंडची देवळं बघायची होती?"

अक्षयाचा चेहरा उतरला. मग ती जरा ओशाळून हसली. "काका, असं सांगायचं असतं ना? मला सांगितलंय तसं."

"कोणी सांगितलं?"

तिनं दाराकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही प्लीज कुणाला बोलू नका. मी चौथ्या दिवशी ग्रुप सोडणारे. जॉब लागलाय मला तिकडे. कॉलेजचा सीनियर आहे एक, त्यानंच लावून दिला. हॉटेलवर गाडी पाठवणारे तो. इथलं कॉल सेंटर बंद झालं ना, पाच महिने घरी बसलेय. मम्मीचे गुडघे गेलेत, ती अजून पोळ्या लाटायला जाते लोकांकडे. मला कसंतरीच होतं, काका."

"बघू," काका म्हणाले आणि हात पुढे केला.

तिनं फोन दिला. वर गोल चित्रात मयूर होता. खाली त्याचं मराठी होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, शब्द अर्धे तोडायची त्याची खोडही तीच. शेवटचा मेसेज आज सकाळचा, अकरा वाजून दहा मिनिटांचा.

आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. आज सकाळी अकराला आपला पोरगा जिवंत होता. त्याला बोटं होती, त्या बोटांनी त्यानं टाईप केलं होतं. वर्षभर घरात नवरा-बायकोनं जो प्रश्न एकमेकांना विचारायचा टाळला होता, त्याचं उत्तर या पोरीच्या फोनवर इतकं सहज पडलेलं होतं. काकांना वाटलं, ओरडावं, आग्नेलला मिठी मारावी, धावत गिरीजला जावं.

आणि मग दुसरं लक्षात आलं. विरारचा एक मुलगा तिथून सुटून आला होता. काका त्याला भेटून आले होते. तो म्हणाला होता, आधी फोनवरून लोकांना फसवायला लावतात, मग माणसं आणायला लावतात. आपल्या गावची, ओळखीची, म्हणजे विश्वास बसतो. दोन आणली की सोडू म्हणतात, कधी कधी सोडतातही. नाही आणली तर काय, असं काकांनी विचारलं तेव्हा त्यानं सदऱ्याची बाही वर केली होती. ते बघून आल्यावर काका दोन दिवस जेवले नव्हते.

त्यांनी अंगठ्यानं मेसेज मागे नेले. मयूरनं लिहिलं होतं, एकट्या मुलीला अडवतात, ग्रुपमधून ये. वसईला आग्नेलचं ऑफिस आहे, तिथंच बुकिंग कर, दुसरीकडे नको. तिथले काका शेवटी एकेकाला आत बोलवून प्रश्न विचारतात. तेव्हा आजीचं उत्तर दे. नक्की दे. मग काका सांगतील तसं कर.

काकांनी ते दोनदा वाचलं. नायगावपासून विरारपर्यंत टूरची ऑफिसं काय थोडी आहेत? शाळेच्या सुट्टीत मयूर याच टेबलाखाली बसून डबा खायचा. बाप लोकांना कसे प्रश्न विचारतो, कशावरून खोटं ओळखतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि आजीचं उत्तर जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. पोरानं ही मुलगी बापाच्या हातात आणून दिली होती. हिला इथंच अडवा, असं तो सांगत होता. त्याच्यावर पहारा करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांना कळणार नाही अशा बेतानं सांगत होता. आणि ती अडली तर बाही वर करायची पाळी कुणावर येणार, हेही त्याला माहीत होतं.

काका काही देवमाणूस नव्हते. त्यांच्या मनात जे आलं ते कुठल्याही बापाच्या मनात आलं असतं. ही गेली तर तो येईल. कदाचित येईल. ही आपली कोण? दापोलीची, नायगावची, काल बुकिंगला आली, उद्या विसरून जाऊ. आपण काहीच करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, वर्षभर बसलोय तसं. घरी बायको, आशालता, रोज दुपारी वाडीच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. तिला काय सांगायचं, पोरगा परत येत होता आणि मी दार लावलं?

त्यांनी फोन परत केला. तिकिटांचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं.

"उत्तर चांगलं आहे," ते म्हणाले. "असंच सांग."

अक्षयाचा चेहरा उजळला. "थँक यू काका. मला वाटलं तुम्ही ओरडाल." ती उठली, पाकीट पर्समध्ये घातलं, आणि जाता जाता टेबलाला वळसा घालून त्यांच्या पायाशी वाकली. "पहिल्यांदाच चाललेय इतक्या लांब," ती म्हणाली.

काकांचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. दुपारीच वर्गात ज्याला मनाई करून झाली होती तो हात. केस उन्हातून आल्यासारखे गरम होते आणि तेल लावून चापून बसवलेले होते. सकाळी आईनं लावून दिलं असणार. अशा वेळी 'सुखी राहा' हे शब्द मनात आणावे लागत नाहीत, आतून येतात. काकांनी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. ते तसेच हात ठेवून बसले. पोरगी वाकलेलीच राहिली, वाट बघत.

"बस," काका म्हणाले.

"अं?"

"बस खाली. जायचं नाही तू."

"काका, काय झालं?"

"कंपनी नाहीये तिथं. काही नाहीये. नदीपलीकडे नेतात आणि डांबून ठेवतात. पासपोर्ट काढून घेतात. लोकांना फसवायला लावतात फोनवरून, नाही केलं तर मारतात."

तिनं पर्स छातीशी धरली. "तुम्हाला ग्रुपमधून माणूस गेलं की प्रॉब्लेम येतो ना, म्हणून घाबरवताय. मयूरदादानं सांगितलंय मला, लोक असं बोलतात. तुम्ही ओळखता तरी का त्याला?"

"माझा मुलगा आहे तो."

"काहीही."

"माझा मुलगा आहे," काका ओरडले. "मी पाठवला त्याला. या खुर्चीत बसवून खोटं बोलायला शिकवलं आणि पाठवला. तुला नाही पाठवणार. कळलं? तुला नाही पाठवणार मी."

बाहेरचे चहाचे आवाज थांबले. काकांचा चढलेला आवाज त्या ऑफिसात कुणी कधी ऐकला नव्हता. काचेतून सुभद्राबाई दिसत होत्या, कप हातात तसाच धरून उभ्या. आग्नेल त्याच्या केबिनमधून आला, दारात क्षणभर थांबला, काकांचं तोंड बघून काय ते समजला. त्यानं पाण्याची बाटली आत ठेवली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मग त्याचा आवाज ऐकू आला, तो बायकांना आणखी चहा घ्यायला सांगत होता.

काकांनी आपला फोन काढून अक्षयाला फोटो दाखवले. मयूर वाडीत, मयूर मावसबहिणीच्या लग्नात, मयूर विमानतळावर नव्या बुटांत. ती एकेक बघत गेली. विमानतळाच्या फोटोपाशी तिनं पर्स मांडीवर ठेवली.

"पण तो खूप चांगला बोलतो, काका," ती म्हणाली. "मम्मीच्या गुडघ्यांचं पण विचारतो रोज."

"चांगलाच आहे तो," काका म्हणाले.

मग ती रडली. काकांनी रडू दिलं. त्यांनी तिच्या फोनवरचं सगळं बोलणं एकेक पान करून आपल्या फोनवर घेतलं. वर्षभर कागद मागणाऱ्यांपुढे टाकायला आता निदान काहीतरी होतं. रडणं ओसरल्यावर अक्षया म्हणाली, "आता त्याला काय सांगू? नुसती गेलेच नाही तर?"

काकांनी त्याचाही विचार केला होता. ती येते म्हणून तिथं कुणीतरी गाडी सांगेल, मोजून ठेवेल, आणि ती आली नाही की सगळं मयूरच्या अंगावर निघेल. आज नाही म्हटलं तर कदाचित थोडक्यात भागेल. कदाचित. दोन्हीकडे आगच होती, आणि त्यातली कुठली लहान हे ठरवायला देवानं बापाला बसवलं होतं.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."

काकांनी फोन घेतला. वर्षभरानं पोराशी बोलायची संधी आणि ती परक्या मुलीच्या नावानं. त्यांनी लिहिलं, आई बरी आहे. मग खोडलं. त्याच्या खांद्यामागे उभं राहून कोण वाचत असेल सांगता येत नव्हतं. तुझं कळलं आम्हाला, असं लिहिलं, खोडलं. चुकलं रे माझं, असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दांकडे बघत राहिले, मग तेही एकेक अक्षर करून खोडलं. शेवटी लिहिलं ते एवढंच. मी येत नाही.

मेसेजखालच्या दोन खुणा लगेच निळ्या झाल्या. म्हणजे तो तिथंच होता, फोन हातात घेऊन. तो काहीतरी लिहितोय असं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. मग आलं, ओके. थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. काकांना नमस्कार सांग. काकांनी तेही पान आपल्या फोनवर घेतलं.

त्यानंतर गोल चित्रातला मयूर गेला आणि तिथं नुसती राखाडी टिकली राहिली. अक्षयानं पुन्हा एक मेसेज टाकून पाहिला. तो गेला नाही.

आग्नेलनं अक्षयाला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत काकांना गिरीजच्या नाक्यावर उतरवलं आणि म्हणाला, "सोमवारी सकाळीच निघू. दिल्लीलाच जाऊ दोघं. तू चल या वेळी." काकांनी हो म्हटलं.

आशालता ओटीवर अळूच्या जुड्या बांधत बसली होती. सकाळच्या बाजाराला पाठवायच्या होत्या. वाडीत अजून उजेड होता. काका चपला न काढताच पायरीवर बसले.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

कोण, असं तिनं विचारलं नाही. हातातली जुडी सुटली, पानं पसरली. काकांनी सगळं सांगितलं, मुलीचं, आजीच्या उत्तराचं, ऑफिसात पाठवल्याचं. आशालतानं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोन घेतला. ती ओठ हलवत सावकाश वाचत होती. इंग्रजी अक्षरं लावून वाचायला तिला वेळ लागायचा.

"पोरगी शहाणी निघाली," शेवटाला आल्यावर ती म्हणाली. "नाही म्हणाली वेळेवर."

"ते तिनं नाही लिहिलं. मी लिहिलं."

तिनं वर बघितलं. काकांना वाटलं आता ती बोलेल ते आपल्याला जन्मभर ऐकू येत राहणार. ते ऐकून घ्यायला ते तयार होते.

"त्याला काय करतील आता?" तिनं विचारलं.

काकांना विरारच्या मुलाचा हात दिसला. ते पायरीवर पसरलेली अळूची पानं गोळा करू लागले, आणि त्यावरून तिला कळलं.

"त्यानंच पाठवली ना तिला तुमच्याकडे?"

"हो."

"मग तुम्ही दुसरं काय करणार होतात," ती म्हणाली. हे तिनं त्यांना सांगितलं की स्वतःला, ते काही कळलं नाही. मग ती मान खाली घालून पुन्हा फोनकडे वळली. बोलण्याच्या वरच्या कोपऱ्यात मयूरचं ते गोल चित्र होतं, शर्टाच्या गुंडीएवढं. तिनं दोन बोटांनी ते मोठं केलं. आणखी मोठं केलं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन दिसायला लागले तरी ती मोठं करत राहिली, आणि मग फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "बारीक झालाय."

तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. याच ओटीवरचा, तिनंच काढलेला.

"हो," कृष्णाकाका म्हणाले. "थोडा झालाय."